डंपवरचं पाणी

वर्धा खोऱ्यातल्या उघड्या कोळसा खाणीत पावसाळ्याचं काम मृगात सुरू होत नाही, होळीच्या आसपास सुरू होतं. निदान तेव्हा सुरू व्हायला हवं, हे मी नोकरीभर सांगत आलो. मी खाणीतला सर्व्हेयर. महिन्याला किती घनमीटर माती उचलली आणि किती टन कोळसा निघाला, ही मोजदाद आमच्या खोलीतून बाहेर जाते. पण या धंद्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कोळशाने नाही, पाण्याने. कोळसा जिथे आहे तिथेच असतो. पाणी मात्र नकाशातली प्रत्येक चूक शोधून काढतं आणि नेमकी तिथूनच वाट करतं.

चंद्रपूरहून घुग्घुसकडे, वणीकडे किंवा राजुऱ्याकडे गेलात तर सपाट कापसाच्या मुलखात मध्येच सपाट माथ्याच्या टेकड्या दिसू लागतात. नव्या माणसाला त्या मुळापासूनच्या वाटतात. ते आमचे डंप. कोळशावरचा सगळा भार, ज्याला खाणीत ओबी म्हणतात, तो उचलून तिथे टाकलेला असतो: वरची काळी कापसाची माती, तिच्याखालची पिवळी-तांबडी चिकणमाती, कामठी थरातला ठिसूळ वालुकाश्म. या खोऱ्यात एक टन कोळसा काढायला चार-पाच घनमीटर, काही खाणींत त्याहूनही जास्त, ओबी हलवावं लागतं. म्हणजे खाण चालू झाली की एका बाजूला नदीच्या पात्राहून खोल खड्डा तयार होतो आणि दुसऱ्या बाजूला आसपासच्या सगळ्या जमिनीहून उंच ढिगारा. वर्धा, इरई आणि पैनगंगेकडे संथ उताराने जाणारं पाणी या दोन्हींच्या मध्ये सापडतं. खड्डा त्याला ओढून घेतो, ढिगारा त्याला वेगाने खाली फेकतो.

हिशेब सोपा आहे, म्हणून तो प्रत्येक नव्या मुलाला मी कागदावर करायला लावायचो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, १० हजार लिटर. आमच्याकडे वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं नवलाचं नाही. २०० हेक्टरच्या खड्ड्यावर तेवढा पडला तर दोन लाख घनमीटर पाणी झालं. ताशी ५०० घनमीटर उपसणारा पंप एकदाही न थांबता चालला तरी त्याला ४०० तास लागतात, सोळा दिवसांहून जास्त. आणि हे फक्त खड्ड्याच्या तोंडावर पडलेलं पाणी. वरच्या अंगाची शेतं, माळ, रस्ते यांचं पाणीही आत उतरलं तर पंप वाढवून काही साधत नाही. ते पाणी आत येऊच द्यायचं नाही, हा एकच उपाय.

त्यासाठी खाणीभोवती चर असतो, गारलँड ड्रेन. पर्यावरण मंजुरीच्या कागदात त्याची अट लिहिलेली असते: अचानक येणाऱ्या सर्वांत मोठ्या पावसाचं पाणी धरून, त्यावर पन्नास टक्के जास्तीची क्षमता ठेवून चराचा आणि संपाचा, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी पाणी गोळा करून उपसायच्या हौदाचा, आकार ठरवायचा. अट चांगली आहे. पण चर कागदावर असतो तसा जमिनीवर राहत नाही, विशेषतः काळ्या मातीत. ही माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांत शिरतं, माती फुगते आणि उभ्या कापलेल्या कडा चरात येऊन पडतात. म्हणून कडांना ऐसपैस उतार द्यावा लागतो. खोदलेली माती कडेलाच टाकून दिली तर तीही पहिल्या आठवड्यात परत चरात येते. ती खड्ड्याच्या बाजूला, थोडं अंतर सोडून, दाबून बांधासारखी घालायची. म्हणजे चर भरून वाहिला तरी पाणी खाणीकडे वळत नाही. चराचा उतारही बेताचा लागतो. कमी पडला तर गाळ साचतो, जास्त झाला तर तळ खणला जातो आणि खाणीचं पाणी वळवायला काढलेला चर स्वतःच घळ होऊन बसतो.

या सगळ्यामागचं तत्त्व एका वाक्यात मावतं: स्वच्छ पाणी स्वच्छ असतानाच बाजूने काढून द्यायचं. शेतातून आलेलं पाणी एकदा डंपच्या किंवा हॉल रोडच्या, म्हणजे डंपरच्या रस्त्याच्या, पाण्यात मिसळलं की ते सगळंच आमचं होतं. मग ते साठवा, निवळवा, तपासा, आणि तरीही गढूळच सोडा. मी पाहिलेल्या बहुतेक अडचणी या मिसळण्यापासून सुरू झाल्या.

आमच्या संपावर एक वयस्क पंप खलाशी होते. शाळा फार झालेली नव्हती, पण पाण्याचा रंग त्यांच्याइतका कुणाला वाचता येत नव्हता. रात्रपाळीतून त्यांचा फोन यायचा, "साहेब, पानी पिवळं झालं." एवढंच. याचा अर्थ डंपची चिकणमाती आत येते आहे, म्हणजे पायथ्याचा चर कुठेतरी फुटला आहे. काळं पाणी आलं तर ते कोळशाच्या तळाचं किंवा हॉल रोडचं, त्याची काळजी नाही. राखाडी-करडं, साबणासारखं गुळगुळीत पाणी आलं तर ते काळ्या मातीचं, म्हणजे वरच्या अंगाचा गारलँड ड्रेन गेला. सकाळी आम्ही त्यांनी सांगितलेल्या दिशेला निघालो की फुटलेली जागा सापडायची. मोजमापाची सगळी उपकरणं माझ्याकडे होती, पण पाण्याची पहिली बातमी नेहमी त्यांच्याकडून आली. पावसाळ्यात संपावर रात्र काढणाऱ्या या माणसांचं नाव कुठल्याच अहवालात येत नाही. ते यायला हवं.

आता डंपकडे येतो, कारण खरी धूप तिथे होते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की डंपचा उतार पावसात झिजतो. तसा तो झिजतोच. डंपरने कडेवरून ओतलेली माती सुमारे ३७ अंशांवर थांबते. त्यावर पावसाचा प्रत्येक थेंब मातीचे कण उडवतो, मग बारीक ओघळ पडतात. पण डंप फोडणारं पाणी उतारावर पडलेलं नसतं, ते माथ्यावर पडलेलं असतं. भरलेले डंपर दिवसरात्र फिरून माथा इतका घट्ट होतो की त्यात पाणी मुरतच नाही. अनेक हेक्टरांच्या त्या सपाटीवरचं सगळं पाणी कडेच्या सगळ्यात खोलगट जागी गोळा होतं आणि एकाच ठिकाणाहून खाली उडी घेतं. एका रात्रीत तिथे माणूस उभा बुडेल एवढी घळ पडते. त्या घळीतून निघालेली माती कित्येक डंपर भरेल एवढी असते, आणि ती सगळी पायथ्याच्या चरात, तिथून तळ्यात आणि पुढे नाल्यात जाते. पायथ्याशी कितीही भक्कम भिंत बांधा, माथ्याचा उतार चुकला असेल तर ती भिंत पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाळाने भरलेली असते.

माझं बालपण चंद्रपूरच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यात गेलं, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या पाणी राखत आले. डंपचा माथा धानाच्या बांधीसारखा असावा, असं मी ऑपरेटरांना सांगायचो: कडा उंच, उतार आत, आणि पाणी बाहेर जायला आपण ठरवून दिलेली एकच वाट. डोझरच्या ऑपरेटरांना हे लगेच कळायचं, कारण त्यातले बरेच शेतकऱ्यांचीच मुलं होती. माथ्याला आतल्या बाजूने उतार द्यायचा, कडेने मातीचा बांध घालून तो दाबायचा, आतल्या चरातून पाणी एका जागी आणायचं आणि तिथून दगडांनी बांधलेल्या पन्हाळीतून टप्प्याटप्प्याने खाली उतरवायचं. डंप एकसलग उंच न करता बेंच, म्हणजे पायऱ्या, ठेवत न्यायचा आणि पूर्ण झालेल्या डंपचा एकूण उतार २८ अंशांच्या आत आणायचा. हाही पर्यावरण मंजुरीतला नेहमीचा आकडा. ३७ वरून २८ वर येणं कागदावर नऊ अंशांचं काम दिसतं. प्रत्यक्षात डोझर आठवडेच्या आठवडे तीच माती पुन्हा ढकलत असतो आणि त्या काळात एक टनही कोळसा निघत नाही. त्यामुळे हे काम पुढे ढकललं जातं. पुढे ढकललेल्या वर्षीच मोठा पाऊस आला तर दुप्पट माती परत उचलावी लागते.

काळ्या मातीची दुसरी गोष्टही इथेच सांगायला हवी. डंप काळ्या मातीवर तसाच उभारला तर पावसाळ्यात ती माती खालून फुगते, मऊ होते आणि वरचं ओझं घेऊन सरकते. पायथ्याशी पाणी तुंबलेलं असेल तर हे आणखी लवकर होतं. म्हणून डंप टाकण्याआधी ती माती काढायची, वेगळी साठवायची आणि नंतर डंपच्या तयार उतारावर पसरायची. पावसाळ्यात पायथ्याजवळच्या खुंट्यांची लेव्हल आम्ही सारखी घेत असू. चराचा तळ वर उचललेला दिसला किंवा सरळ चर मध्येच वाकडा झाला, तर वरून कितीही ठीक दिसो, त्याच्या आसपास माणूस आणि मशीन उभं करायचं नाही. या बाबतीत मी कुणाशीही वाद घालत नसे. थेट मॅनेजरसाहेबांना लेखी देत असे.

डंपवर झाडं लावतात आणि लावायलाच हवीत. कडुनिंब, करंज, शिसव, बांबू आमच्याकडे चांगले धरतात. पण पहिल्या पावसाळ्यात माती धरतं ते गवत. झाडाची मुळं उताराला आवळून धरायला काही वर्षं जातात. तोवर दोन रोपांच्या मधल्या उघड्या जागेत ओघळ पडून गेलेले असतात. काळी माती पसरून, आडवे चर काढून, पहिल्या सरींबरोबर दीनानाथ गवत आणि स्टायलोचं बी टाकलं, पन्हाळीच्या दोन्ही कडांना वाळ्याचे ठोंब लावले, तर श्रावणापर्यंत उतार हिरवा होतो आणि खालच्या चरातलं पाणी डोळ्यांना दिसेल इतकं फिकं होतं. आधी गवत, मग झाड, हा क्रम मी कधी सोडला नाही.

एवढं करूनही काही माती खाली येतेच. तिच्यासाठी निवळण तळी. त्यांचं गणितही लोकांना माहीत असावं, कारण सगळा भरवसा त्यांच्यावर ठेवला जातो. स्थिर पाण्यात एक दशांश मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला दोनेक मिनिटं घेतो. त्याच्या एक दशांश कणाला तीन तास लागतात. त्याच्याही एक दशांश, म्हणजे चिकणमातीच्या कणाला, बारा दिवस. कण दहापट बारीक झाला की वेळ शंभर पटीने वाढतो. भर पावसात तळ्यातलं पाणी बारा दिवस कुठे थांबतं? काही तासांत ते पुढे निघालेलं असतं. म्हणजे तळं वाळू आणि जाड गाळ पकडतं, आमची काळी-पिवळी चिकणमाती पकडत नाही. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तीच इथेही उपयोगी पडते: बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात. तळ्यात पाणी येण्याची आणि जाण्याची जागा लांबवर ठेवावी, मध्ये आडभिंती घालून पाण्याला फिरवून न्यावं, म्हणजे तेवढ्याच तळ्यातून जास्त काम होतं. आणि गाळ काढत राहावं. जूनमध्ये रिकामं असलेलं तळं ऑगस्टमध्ये गाळाने भरलं असेल तर पाणी वरूनच सरकून जातं. ते तळं फक्त नकाशावर उरतं.

कोळसा खाणीतून सोडलेल्या पाण्यात एका लिटरमागे तरंगता गाळ १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा, असं २००० सालची मानकं सांगतात. सामूची आम्हाला फारशी चिंता नव्हती. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी, त्यामुळे मेघालयातल्या खाणींसारखं आम्लधर्मी पाणी इथे सहसा होत नाही. आमचं दुखणं गाळाचंच. हिवाळ्यात संपातलं पाणी इतकं नितळ असतं की शेतकरी ते ओलितासाठी मागतात. जुलैत ते पाणी ज्या नाल्यात जातं तो नाला पाहा.

जुलैतला तो नाला मला एका शेतकऱ्याने दाखवला. खाणीच्या हद्दीबाहेर, नाल्याला लागून त्याचं वावर. कपाशी हातभर वाढलेली, आणि त्यात वीतभर पिवळा गाळ. तो चिडलेला नव्हता. म्हणाला, "साहेब, पानी येते त्याचं काई नाई, ते निंघून जाते. हे माती निंघून जात नाई न. मांग आमचं वावर काळं होतं, आता पाहा." मी वाकून ती माती हातात घेतली. ती कुठल्या डंपच्या कोणत्या बेंचवरून आली हे मला रंगावरूनच कळत होतं. आमच्या खोलीतल्या नकाशावर चर खाणीच्या हद्दीपर्यंत काढलेला होता आणि तिथे रेघ संपत होती. पाण्याला हद्द कळत नाही. त्या रेघेच्या पुढे पाणी कुठे जातं, कुणाच्या धुऱ्यावरून जातं, नाल्याला तेवढं पोट आहे का, हे पाहणं कुणाच्याच कामात धरलेलं नव्हतं. त्यानंतर मी चराची लेव्हल घेताना हद्दीवर थांबत नसे. नाला नदीला मिळतो तिथपर्यंत जात असे.

नदीची गोष्ट वेगळी आणि जास्त भीतीची. २७ सप्टेंबर १९९५ रोजी धनबादजवळ गॅसलीटांडला अतिवृष्टीत कतरी नदीचं पाणी भूमिगत खाणीत घुसलं आणि ६४ कामगार गेले. खाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे नाव ऐकलेलं असतं. नदीकाठच्या उघड्या खाणींना पूररेषेहून उंच बांध असतो आणि पावसाळ्यात त्याच्यावर पहारा असतो. पण बांधावरून पाणी येईल का, याकडेच सगळ्यांचं लक्ष असतं. जुलै २०२२ मध्ये वर्धेला मोठा पूर आला, काठच्या अनेक गावांना पाण्याने वेढलं, तेव्हा मी पुन्हा तेच पाहिलं जे आधीच्या पुरांत पाहिलं होतं: नदी फुगली की नाल्याचं पाणी नदीत जात नाही, उलट मागे चढतं. खाणीचं पाणी बाहेर काढण्यासाठी बांधातून काढलेली वाट हीच तेव्हा नदीला आत येण्याची वाट होते. तिथे एकाच बाजूला उघडणारी झडप लागते, आणि ती झडप मे महिन्यात हाताने उघडून, बंद करून, गंज काढून पाहावी लागते.

हे सगळं ज्ञान नवीन नाही. खाणीत ते सर्वांना आहे. मग दरवर्षी तीच घळ, तोच गाळ का? माझ्या मते कारण आर्थिक वर्षाच्या तारखेत आहे. जानेवारी ते मार्च हा उत्पादनाचा जोर असतो. ३१ मार्चपर्यंत लक्ष्य गाठायचं, त्यामुळे प्रत्येक पोकलेन, प्रत्येक डोझर कोळशावर आणि ओबीवर लागलेला. नेमका तोच काळ कोरड्या, घट्ट जमिनीत चर खोदायचा, डंपचा उतार बसवायचा. एप्रिलमध्ये मशीन मोकळी होतात तेव्हा दुरुस्तीला जातात. गाळ काढण्याच्या निविदेचा आदेश मे संपताना निघतो आणि कंत्राटदार काम सुरू करतो तेव्हा ढग आलेले असतात. ओल्या काळ्या मातीत पोकलेन उतरत नाही. मग चर अर्धा राहतो आणि अर्धा चर हा चर नसण्यापेक्षा वाईट, कारण तो पाणी गोळा करून एका जागी आणून सोडतो. पाण्याच्या कामाला जानेवारीपासून वेगळं मशीन आणि वेगळा पैसा ठेवावा, आणि त्याचं मोजमाप उत्पादनासारखंच दर महिन्याला वर जावं. एवढा एक बदल झाला तर बाकीचं तंत्र आपल्याकडे आहेच.

जे खाणीत नव्याने लागले आहेत त्यांना माझं सांगणं आहे की भर पावसात चर पूर्ण लांबीभर चालून पाहा. गमबूट, छत्री आणि एक काठी पुरते. आणि ज्यांची वावरं खाणीच्या खालच्या अंगाला आहेत त्यांना सांगतो: पर्यावरण मंजुरीच्या अटी आणि त्या कितपत पाळल्या याचा सहामाही अहवाल हे सार्वजनिक कागद आहेत. अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. ग्रामपंचायतीमार्फत ते मागून घ्या. गारलँड ड्रेनचा नकाशा मागा, तो चर तुमच्या नाल्याला कुठे मिळतो ते जागेवर जाऊन पाहा, निवळण तळ्यातला गाळ काढला का ते विचारा. मात्र हे एप्रिलमध्ये विचारा. जुलैत विचारलं तर नुकसानीचा पंचनामा तेवढा हाती येतो, माती परत येत नाही.